गावची पोरे आणि आयते गडी : जॉन मारूची यांची हॉकी



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी माझ्याकडे विषय मागितला, तेव्हा मी म्हटले, "अमेरिकेतल्या एका कॉलेजात बर्फावरची हॉकी शिकवणारा एक मास्तर." ते थोडा वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "भाऊ, कामगार चळवळीवर काही नाही का जमणार?" मी म्हटले, "चळवळीवरच आहे, काळजी करू नका." तेव्हा वैशाखाच्या या उकाड्यात दीड तास बर्फाच्या गोष्टी ऐकायची पाळी तुमच्यावर आली, तिचा दोष चिटणिसांचा नव्हे, माझा आहे.

मी शिकलेला माणूस नाही. शाळा सुटली ती कारखान्यात शिरण्यासाठी, आणि पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी, शब्दकोश उशाशी ठेवून. असाच एकदा अमेरिकेतल्या लोखंडाच्या खाणींमधल्या १९१६ सालच्या संपाविषयी वाचत होतो. त्यात एव्हलेथ नावाचे एक गाव आले. पुढे त्या गावाची चौकशी करू लागलो, तर संपाबद्दल चार ओळी आणि हॉकीबद्दल चाळीस पाने, असा प्रकार! आधी मला राग आला. मग ती चाळीस पाने वाचली, आणि राग गेला.

हे गाव मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला, डलूथ बंदरापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, मेसाबी नावाच्या लोखंडी डोंगरपट्ट्यात वसलेले आहे. १८९० मध्ये या पट्ट्यात खनिज सापडले, १८९२ मध्ये पहिला माल बाहेर गेला, आणि १९०१ मध्ये अमेरिकन पोलादाचा अवाढव्य ट्रस्ट उभा राहिला तेव्हा इथल्या बहुतेक मोठ्या खाणी त्याच्या खिशात गेल्या. एव्हलेथची गंमत अशी की गाव वसल्यावर काही वर्षांनी कळले, खनिज नेमके गावाच्याच खाली आहे. झाले! १९०० साली गावच हलवले. घरे, दुकाने लाकडाच्या ओंडक्यांवर चढवून टेकडीवर ओढत नेली. आपल्याकडे धरणासाठी गावे उठवतात, तेव्हा माणसांना बाहेर काढतात आणि घरे बुडवतात. तिथे निदान घरे तरी बरोबर नेली, एवढाच फरक.

या खाणींत काम करायला कोण आले? फिनलंडचे, इटलीचे, स्लोव्हेनियाचे, क्रोएशियाचे लोक आले. एका गल्लीत पाच-सहा भाषा चालत. मालकांना ते सोयीचे होते. भाषा एक नसली की सभा होत नाही, आणि सभा झाली नाही की संप होत नाही, हा हिशेब जगात कुठेही सारखाच आहे. तरी १९०७ मध्ये संप झाला. तो फोडायला याच देशोदेशींच्या गरिबांमधून नवी माणसे आणून खाणीत उतरवली, आणि संपात पुढे असलेल्या फिनिश कामगारांची नावे काळ्या यादीत गेली. पुढे नऊ वर्षांनी गंमत पाहा. ज्यांच्या जिवावर पहिला संप मोडला, त्याच लोकांनी दुसरा संप उभा केला. १९१६ च्या जूनमध्ये अरोरा गावच्या खाणीतला एक इटालियन कामगार पगाराचे पाकीट हातात पडताच भडकला. काम उक्ते होते. दर किती, खडक कसा लागला, मोजले किती, सगळे मुकादमाच्या मर्जीवर. तो एकटा काम टाकून निघाला, आणि हा हा म्हणता अख्ख्या पट्ट्यात हजारो माणसे बाहेर पडली. आठ तासांचा दिवस, उक्त्या दराची पद्धत बंद, पगार महिन्यातून दोनदा, अशा साध्या मागण्या होत्या. सप्टेंबरात संप मोडला. मालक जिंकले, आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांनी आपण होऊन मजुरी वाढवली. हरलेले संपही असे काहीतरी देऊन जातात, ते मी स्वतः पाहिले आहे.

त्या संपाच्या बरोबर आधी, ८ मे १९१६ रोजी, एव्हलेथमध्ये एका इटालियन कुटुंबात जॉन मारूची जन्मला. आजचा आपला नायक तो.

आता खेळाची ओळख करून घेऊ. आपली हॉकी म्हणजे ध्यानचंदांची, मैदानावरची, अकरा-अकरा गड्यांची. ही बर्फावरची. एका बाजूला सहाच गडी, त्यातला एक गोलरक्षक. मैदान सुमारे दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद, भोवती लाकडी कठडा. चेंडूऐवजी रबराची जाड चकती, तिला पक म्हणतात. तीन इंच व्यासाची, एक इंच जाड. पायात पाते लावलेले बूट. आणि मुख्य म्हणजे अंगाला अंग भिडवून समोरच्याला कठड्यावर आपटणे नियमात बसते. आपल्या लडाखमध्येही हा खेळ चालतो. तेव्हा अगदीच परका समजू नका.

हा खेळ मूळचा कॅनडाचा. मग तो मेसाबीच्या पोरांपर्यंत कसा आला? त्याचे उत्तर थोडेसे खाणींतच आहे. खनिज बोटीने जाई. हिवाळ्यात सरोवरे गोठली की बोटी बंद, आणि बोटी बंद की उघड्या खाणींतले काम मंदावे. बाप घरी बसलेला, पोर तळ्यावर! शिवाय या गावांनी खाणीवाल्यांवर कर बसवण्यासाठी निकराने भांडण केले होते, आणि त्या पैशातून शाळा बांधल्या. हिबिंग गावची शाळा तर राजवाड्यासारखी. एव्हलेथमध्ये १९२२ साली हिपोड्रोम नावाचे छप्पर घातलेले बर्फाचे मैदान उभे राहिले. त्या काळात गावाचा एक नामांकित संघ होता. त्यात खेळायला कॅनडातून पैसे देऊन गडी आणत. गावची पोरे कठड्याला नाक लावून ते पाहत आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत तसेच करून बघत. पुढे मारूची ज्यांच्याविरुद्ध उभे आयुष्य भांडले, तेच त्याच्या गावचे पहिले गुरू, हे ध्यानात ठेवा. मी पुन्हा तिकडे येणार आहे.

शाळेत क्लिफ थॉम्प्सन नावाचे एक हॉकीमास्तर होते. या एका मास्तरांच्या हाताखालून इतके गोलरक्षक निघाले की विचारू नका. फ्रँक ब्रिमसेक बॉस्टनला गेला. माइक काराकास शिकागोला गेला आणि १९३८ मध्ये त्याच्या संघाने स्टॅन्ली चषक जिंकला. सॅम लोप्रेस्टीही शिकागोलाच. ४ मार्च १९४१ रोजी या लोप्रेस्टीवर बॉस्टनने एका सामन्यात ८३ फटके मारले. त्याने ८० अडवले. आणि शिकागो ३-२ ने हरले. समोरच्या टोकाला बॉस्टनचा गोल कोण राखीत होता? ब्रिमसेक. काही हजार वस्तीच्या एका खाणगावातले दोघे, एकाच सामन्याच्या दोन टोकांना! पुढे युद्धात लोप्रेस्टीची बोट बुडाली आणि तो ४२ दिवस समुद्रात होडीवर जगला. ज्याला ८३ फटके खायची सवय, तो जगणारच.

मारूची मात्र बचावफळीतला. धिप्पाड, भांडखोर, हजरजबाबी. मिनेसोटा विद्यापीठात तो फुटबॉलही खेळला. १९४० मध्ये तिथला हॉकीचा संघ एकही सामना न हरता देशातला हौशी विजेता ठरला, त्यात तो होता. मग शिकागो ब्लॅक हॉक्स या धंदेवाईक संघाने त्याला घेतले. युद्धाची वर्षे तटरक्षक दलात गेली. १९४५ ला तो परतला, आणि शिकागोचा कर्णधारही झाला. राष्ट्रीय लीगमध्ये तो २२३ सामने खेळला. गोल केले फक्त ११, शिक्षेची मिनिटे मात्र तीनशेवर. डेट्रॉइटच्या जॅक स्ट्युअर्टशी झालेली त्याची लांबलचक मारामारी त्या लीगच्या दंतकथांत जाऊन बसली आहे.

पण हे सगळे मी त्याचे शौर्य सांगण्यासाठी सांगत नाही. त्या लीगमध्ये संघ किती? १९४२ पासून पंचवीस वर्षे फक्त सहा. म्हणजे जागा शे-सव्वाशे. आणि त्यावर जवळजवळ सगळे कॅनेडियन. अमेरिकन माणूस म्हणजे नवलाची वस्तू. १९३७ साली शिकागोच्या मालकाने एका वेळी पाच अमेरिकन गडी उतरवून पाहिले, तर बाकीच्या मालकांनी ती थट्टा मानली. अशा ठिकाणी मारूचीने पाच हंगाम ओळखीच्या भाषेचा पण परक्या गोतावळ्याचा माणूस म्हणून काढले. गुण असून दाराबाहेर उभे राहणे काय असते, ते तिथे त्याला कळले असणार.

१९५२ मध्ये तो आपल्या जुन्या विद्यापीठात हॉकीचा शिक्षक झाला. आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

अमेरिकेत कॉलेजचा खेळ म्हणजे आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हेत. हजारो लोक तिकिटे काढून येतात, आणि चांगल्या खेळाडूला फी, जेवण, राहणे फुकट मिळते. गरिबाच्या मुलाला पदवीपर्यंत जायला ती एक शिडीच आहे. हॉकीची राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा १९४८ मध्ये सुरू झाली. मिशिगनच्या व्हिक हेलिगर या शिक्षकाने १९५६ पर्यंत ती सहा वेळा जिंकली. कशी? कॅनडातून खेळाडू आणून. पुढे डेन्व्हर विद्यापीठात मरे आर्मस्ट्राँग आला. हा स्वतः कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातला, मारूचीसारखाच लीगमध्ये खेळलेला. त्याने आपल्या मुलखातली पोरे आणली आणि १९५८, १९६०, १९६१ अशा तीन वेळा अजिंक्यपद नेले. नंतर आणखी दोनदा. १९६१ चा त्याचा संघ बत्तीस सामन्यांत एकदाच हरला, आणि अंतिम सामना १२-२ असा जिंकला. याला सामना म्हणत नाहीत, कत्तल म्हणतात.

मारूचीचा हट्ट उलटा. मिनेसोटा हे राज्याचे विद्यापीठ, राज्याच्या लोकांच्या करावर चालणारे. तेव्हा त्याच्या संघातली जागा राज्यातल्या पोराची. पहिल्याच दोन वर्षांत त्याला यश हाताशी आले होते. त्याच्याकडे जॉन मायासिच होता, एव्हलेथचाच. एव्हलेथच्या शाळेने १९४८ ते १९५१ अशी लागोपाठ चार वर्षे राज्याची स्पर्धा जिंकली, त्या संघातला हा हिरा. कॉलेजात त्याने १११ सामन्यांत २९८ गुण मिळवले (गोल आणि गोलाला दिलेला हात मिळून गुण मोजतात). १९५३ च्या अंतिम सामन्यात मिनेसोटा मिशिगनपुढे ७-३ ने हरले. १९५४ मध्ये उपांत्य सामना १४-१ ने जिंकून अंतिम सामना जादा वेळेत ५-४ ने घालवला. त्यानंतर मारूचीने राष्ट्रीय अजिंक्यपद कधी पाहिले नाही. एकदाही नाही.

१९५३ च्या त्या पराभवात एक गोष्ट आहे, ती मला फार बोलकी वाटते. मिशिगनचा गोलरक्षक होता विलार्ड आयकोला, आणि पुढच्या फळीत जॉन मॅचेफ्ट्स. दोघेही एव्हलेथचे! म्हणजे बाहेरून माणसे आणणाऱ्या मिशिगनने मारूचीच्या घरातूनही दोन माणसे नेली होती, आणि त्यांनीच त्याला हरवायला मदत केली. 'बाहेरचा' कोण आणि 'आपला' कोण, ही रेघ कुठल्या बाजूने पाहावे त्यावर असते. मारूचीला हे कळले नसेल असे नाही. कारण १९५६ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी देशाचा संघ त्याच्याकडे आला, तेव्हा त्यात आयकोला होता, मॅचेफ्ट्स होता आणि मायासिच होता. इटलीतल्या कोर्तिना गावी या संघाने कॅनडाला ४-१ ने हरवले, त्यातले तीन गोल मायासिचचे. रशियाकडून ४-० ने हरले आणि रौप्यपदक घेऊन आले. स्थलांतरित इटालियनाचा मुलगा इटलीत अमेरिकेचा शिक्षक म्हणून उभा, हे दृश्य त्याच्या आईबापांच्या पिढीला स्वप्नातही दिसले नसते.

आता भांडणाकडे येतो. मारूचीची तक्रार नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती नेहमी अर्धवट सांगितली जाते. कॅनडात पोरे वीस वर्षांची होईपर्यंत ज्युनियर संघांत खेळत. वर्षाला कितीतरी सामने, जवळजवळ धंद्यासारखे. असा तयार गडी विसाव्या-एकविसाव्या वर्षी अमेरिकन कॉलेजच्या पहिल्या वर्गात नाव घाली. समोर अठरा वर्षांचा, शाळेतून नुकताच सुटलेला, हिवाळ्यात दहा-वीस सामने खेळलेला मिनेसोटाचा पोरगा. मारूचीचे म्हणणे, ही बरोबरी नव्हे. शिकवण्याची तसदी न घेता आयता गडी विकत आणायचा, आणि त्याला शिक्षण म्हणायचे!

भांडण इतके पेटले की १९५८ मध्ये पश्चिमेकडच्या कॉलेजांची लीगच मोडली. मिनेसोटासह चार कॉलेजे बाहेर पडली. त्यांत मिशिगनही होते. ज्याने ही वाट पाडली तोच आता वाटमारी झाली म्हणून ओरडत होता! पुढच्या वर्षी नवी संघटना झाली, पण तिच्यात कोणी कोणाशी खेळावे याची सक्ती ठेवली नाही. म्हणून मारूचीने डेन्व्हरशी सामने ठेवलेच नाहीत. वर्षानुवर्षे ठेवले नाहीत. आमच्या भाषेत सांगायचे तर हा बहिष्कार होता.

इथे मला माझे एक सांगितले पाहिजे, त्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिक होईल. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आमचा करार संपला होता, आणि मालकाने बाहेरच्या प्रांतातून कंत्राटी पोरे आणून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. मी फाटकावर सभा घेतली. चांगला बोललो. 'बाहेरच्यांना हाकला' ही घोषणा माझीच. टाळ्या पुष्कळ पडल्या. आठवड्याने टपरीवर त्यांच्यातला एक पोरगा चहा पिताना भेटला. एकोणीस वर्षांचा असेल. त्याने खिशातून हजेरीची चिठ्ठी काढून दाखवली. आमच्या निम्म्याहून कमी मजुरी, त्यातूनही मुकादम कापून घेणार. तो मला म्हणाला, "चाचा, हमको भेज दोगे, तो दूसरा आयेगा." मी उत्तर दिले नाही. त्या पोरांना युनियनचे सभासद करून घ्यायला आम्हाला पुढे दोन वर्षे लागली. ती दोन वर्षे माझ्या त्या टाळ्यांच्या घोषणेने खाल्ली.

म्हणून मारूचीचे चरित्र वाचताना मी त्या कॅनेडियन पोरांकडे पाहू लागलो. कोण होती ती? बहुतेक साध्या घरची, गव्हाच्या शेतांतून आणि रेल्वेच्या गावांतून आलेली. धंदेवाईक संघ त्यांना मिसरूड फुटायच्या आत एका कागदावर सही करायला लावून बांधून टाकीत. एकदा सही केली की त्या संघाशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. जागा शे-सव्वाशे, सह्या करणारे हजारो. विसाव्या वर्षी ज्याला घेतले नाही, तो संपला. शाळा केव्हाच सुटलेली. आर्मस्ट्राँगने अशा पोरांना डेन्व्हरला आणले आणि पदवी मिळवून दिली, हे पुण्यही त्याच्या खात्यावर लिहिले पाहिजे. आणि वर्ष पाहा. १९५७ च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटच्या टेड लिंडसे या नामांकित खेळाडूने लीगमधल्या खेळाडूंची संघटना जाहीर केली. मालकांनी काय करावे? त्याच उन्हाळ्यात त्याला उचलून शिकागोला, त्या वेळच्या सर्वांत दुबळ्या संघात, टाकून दिले. एका वर्षात संघटना मोडली. म्हणजे वर सहा मालक खेळाडूंची संघटना चिरडत होते, आणि खाली त्यांनी टाकून दिलेल्या पोरांवरून दोन मास्तर एकमेकांशी भांडत होते. मारूची लीगमध्ये पाच हंगाम राहून आलेला. त्याचा राग वरच्या मजल्यावर पोचला असता तर किती बरे झाले असते, असे मला राहून राहून वाटते.

अशाच तक्रारींतून कॉलेज खेळांच्या नियमांत एक कलम आले. परदेशात एकोणिसाव्या वर्षानंतर संघटित सामने खेळलेल्या विद्यार्थ्याची, जितकी वर्षे खेळला तितकी वर्षे वजा. वरवर पाहता वयाची अट. पण ती फक्त परदेशी माणसाला लागू! अमेरिकन पोरगा घरी राहून तेच करील, तर त्याला हे कलम नाही. १९७३ मध्ये बॉस्टनच्या दोन कॅनेडियन हॉकीपटूंनी अशा नियमांविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. १९७५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हॉवर्ड विद्यापीठाच्या प्रकरणात हे कलम समान न्यायाच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून रद्दबातल ठरवले. माझ्या मते निकाल रास्त होता. अट वयाची असेल तर सगळ्यांना लावा.

मग काय, मारूची चुकला म्हणून मोकळे व्हायचे? तसे नाही. कारण तो नुसता बहिष्कार घालून बसला नाही. आणि माणूस घोषणेपेक्षा मोठा असतो, हेही त्याने दाखवले. त्याच्याच संघात मरे विल्यमसन होता, कॅनडातल्या विनिपेगचा. लू नॅनी होता, ओंटारियोच्या सू सेंट मेरीचा, आपल्या मास्तरासारखाच इटालियन घरातला. हा नॅनी मिनेसोटाचा कर्णधार झाला, १९६३ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पुढे अमेरिकन नागरिक झाला आणि १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा कर्णधार होता. त्याच संघाचा शिक्षक होता विल्यमसन! 'कॅनेडियनांचा वैरी' म्हणून गाजलेल्या माणसाच्या शाळेतून अमेरिकेच्या संघाला कर्णधार आणि शिक्षक दोन्ही कॅनडात जन्मलेले मिळाले. तेव्हा त्याचे वैर पासपोर्टाशी नव्हते, आयत्या गड्याशी होते. बोलताना मात्र तो ते तसे बोलत नसे, आणि ऐकणाऱ्यांनी सोयीचे तेवढे ऐकले. हे आम्हा सभा गाजवणाऱ्यांच्या बाबतीत नेहमी होते.

त्याचे खरे काम मैदानाबाहेर आहे. तो गावोगाव हिंडला. शाळांच्या समारंभांत, गावकऱ्यांच्या जेवणावळींत, नगरपालिकांपुढे उभा राहून एकच रड रडला : छपराखाली बर्फ करा. तळे गोठेल तेव्हा खेळू, असे म्हणाल तर वर्षात दोन महिने खेळाल. यंत्राने बर्फ केलात तर पोर सहा महिने खेळेल, आणि मग कॅनडातून कोणी आणावा लागणार नाही. त्याने सुरुवात केली तेव्हा राज्यात अशी मैदाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत लहान लहान गावांनी वर्गणी करून, कर बसवून ती बांधली. शाळांच्या राज्यस्पर्धेला लोटणारी गर्दी वाढत गेली. हे काम सावकाशीचे. त्याला टाळ्या नाहीत. मला विचाराल तर बहिष्कारापेक्षा या एका कामाने त्याची बाजू जिंकली.

त्याच्या हयातीत कॉलेजात मात्र जिंकली नाही, हे सांगितलेच. १९६६ मध्ये त्याने ती जागा सोडली आणि मिनेसोटाच्या नव्या धंदेवाईक संघाच्या कचेरीत गेला. त्याच्या हाताखाली सेंट पॉलचा हर्ब ब्रुक्स नावाचा एक पोरगा १९५९ पर्यंत खेळला होता. १९६० च्या ऑलिंपिक संघातून अगदी अखेरच्या क्षणी याचे नाव कापले, आणि तो संघ सुवर्णपदक घेऊन आला. ब्रुक्सने ते घरी बसून पाहिले. १९७२ मध्ये हा ब्रुक्स मिनेसोटा विद्यापीठाचा शिक्षक झाला आणि जवळजवळ सगळ्या मिनेसोटाच्या पोरांना घेऊन त्याने १९७४, १९७६ आणि १९७९ अशी तीन अजिंक्यपदे जिंकली. मास्तराला जे चौदा वर्षांत जमले नाही, ते शिष्याला दुसऱ्याच वर्षी जमले. कारण तोवर त्या छपराखालच्या बर्फावर एक पिढी वाढली होती.

मायासिचची गोष्ट राहिली. इतका मोठा खेळाडू, पण धंदेवाईक लीगच्या बर्फावर तो एकही सामना खेळला नाही. १९५६ चे रौप्य, १९६० चे सुवर्ण, आणि बाकी आयुष्य हौशी संघात खेळून, रेडिओ-टेलिव्हिजनच्या नोकरीत. साठ साली सुवर्ण जिंकलेल्यांपैकी डलूथचा टॉमी विल्यम्स तेवढा बॉस्टनच्या संघात टिकला, आणि बरीच वर्षे त्या लीगमधला तो जवळजवळ एकटा अमेरिकन होता.

२२ फेब्रुवारी १९८० रोजी लेक प्लॅसिड येथे कॉलेजच्या पोरांच्या अमेरिकन संघाने रशियाच्या बलाढ्य संघाला ४-३ ने हरवले, आणि दोन दिवसांनी फिनलंडला हरवून सुवर्णपदक घेतले. ही हकिगत तुमच्यापैकी काहींना चित्रपटामुळे ठाऊक असेल. शिक्षक हर्ब ब्रुक्स. वीस खेळाडूंपैकी बारा मिनेसोटाचे. त्यात एक तिघांची फळी सगळी मेसाबीच्या लोखंडी पट्ट्यातली : बॅबिटचा बझ श्नायडर, व्हर्जिनिया गावचा जॉन हॅरिंग्टन, आणि एव्हलेथचा मार्क पॅव्हेलिच. विजयाचा चौथा गोल बॉस्टनकडच्या माइक इरुझिओनीने मारला. त्याच्याकडे पक ढकलला होता एव्हलेथच्या पॅव्हेलिचने.

मारूची तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. १९८५ मध्ये विद्यापीठाने आपल्या हॉकीच्या मैदानाला त्याचे नाव दिले, आणि त्याच वर्षी टोरोंटोच्या हॉकी दालनात, म्हणजे कॅनडातच, त्याला सन्मानाने बसवले. २३ मार्च १९८७ रोजी तो वारला. १९९३ मध्ये विद्यापीठाने नवे मैदान बांधले, त्यालाही त्याचेच नाव ठेवले. २०१७ मध्ये त्या नावाच्या पुढे एका कंपनीचे नाव जोडले गेले. पैसे दिले की तेही मिळते. एव्हलेथमध्ये हिपोड्रोम अजून उभे आहे. हिवाळ्यात तिथे शाळेची पोरे खेळत आली.